बाबानं घर सरळ केलं तो दिवस

आमच्या घरासमोर आता नगरपालिकेनं एक पाटी लावली आहे. रविवारी सायकलवर फिरायला निघालेली माणसं थांबतात, पाटी वाचतात, फोटो काढतात आणि पुढे पॅनकेक खायला जातात. पाटीवर लिहिलंय की ब्राबांट ह्या डच भागात जुनी, ओकच्या लाकडी सांगाड्यावर उभी असलेली शेतकऱ्याची लांब घरं असतात त्यांपैकी हे एक, छप्पर गवताचं, आणि ते पाडलं जाणार होतं पण "सुदैवानं" वाचलं. सुदैवानं! हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. पाडायला निघालेली घरं सुदैवानं वाचत नाहीत, कुणीतरी भांडतं म्हणून वाचतात. आणि ह्या घराच्या बाबतीत तर कुणीतरी मोठा गाढवपणाही केला म्हणून वाचलं. आत्मकथन म्हातारपणी लिहायचं असतं असं आई म्हणते. मी अजून तिशीचीही नाही. पण तोवर थांबले तर त्या पाटीवरचंच खरं ठरेल, म्हणून आत्ताच लिहिते.

न्यूनेनच्या पलीकडे, जिथे बस शेवटचं वळण घेऊन परत फिरते, तिथलं हे गाव. बाबा आइंडहोवनला नोकरीला. चिप बनवणारी जी यंत्रं असतात, ती यंत्रं जुळवणाऱ्या लोकांपैकी तो एक. केसाची जाडी हे त्याच्या कामात फार मोठं, जवळजवळ अश्लील माप समजतात. दिवसभर तो एखादी गोष्ट सपाट आहे की नाही, हे अशा मापात बघायचा की ऐकताना आपल्याला चक्कर यावी. आणि अशा माणसानं राहायला घेतलं काय, तर ज्यात एकही कोपरा काटकोनात नाही असं घर. भाड्यानं. न बघता नव्हे, चांगलं दोनदा बघून. "अगं, ओक आहे ओक! पुण्यात एवढ्या लाकडाला काय पडेल माहितीये?" हे त्याचं कारण. आईला नवीन अपार्टमेंट हवं होतं, लिफ्टचं, ॲमस्टेलव्हीनला, जिथे आमची मामी राहते आणि जिथे खाली उतरलं की कढीपत्ता मिळतो.

घर लांबलचक, एका ओळीत. एका टोकाला पूर्वी माणसं राहायची, दुसऱ्या टोकाला गुरं. माणसांच्या टोकाला घराची मालकीण रीत राहायची, एकटी, पंच्याहत्तरी ओलांडलेली, दंड अजून कुस्तीगिरासारखे. आम्ही गुरांच्या टोकाला. रीतच्या नवऱ्यानं गोठ्याच्या खोल्या आणि स्वयंपाकघर करून घेतलं होतं, पण गव्हाणीची दगडी कड आमच्या बैठकीच्या खोलीत तशीच होती आणि आम्ही तिच्यावर बूट ठेवायचो. आई पुण्याच्या मावशीला फोनवर सांगायची, "इतकी वर्षं आयटीत घासली, बढत्या घेतल्या, आणि शेवटी कुठे पोचले म्हणशील, तर गोठ्यात."

घर कसं उभं होतं ते नीट सांगते, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. ह्या घरांत भिंती काही उचलत नाहीत. उचलतात ते ओकचे खांब. दोन खांब समोरासमोर, त्यांच्यामध्ये एक जाडजूड आडवी तुळई. तुळईचं टोक खांबातून आरपार काढलेलं, आणि बाहेरून त्यात लाकडी पाचर ठोकलेली. कोपऱ्यात तिरके टेकू. सांध्यांत लोखंडाचा खिळा नाही, सगळ्या ओकच्या खुंट्या. अशा जोड्या एकामागे एक उभ्या केल्या की घराचा सांगाडा झाला, त्यावर छप्पर. भिंती मागून भरायच्या: काठ्यांचं विणकाम, त्यावर माती, कापलेला पेंढा आणि शेण. आपल्याकडे कोकणात ज्याला कूड म्हणतात तेच. हे मी आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे शेणाच्या भिंतीसाठी आपण एवढं भाडं भरतो?" इथली जुनी माणसं म्हणतात, भिंती पडल्या तरी घर उभं राहतं. मी हे वाक्य पुढे एका पत्रकात मोठ्या अक्षरात छापलं. तेव्हा ते मला घोषणा म्हणून आवडलं होतं. त्याचा प्रयोग आमच्याच घरात होईल असं वाटलं नव्हतं.

सांगाडा एका बाजूला कलला होता. कधी कलला, कुणास ठाऊक. हळूहळू, आरामात, जेवण झाल्यावर माणूस लोडाला टेकतो तसा. त्यामुळे आमच्या घरात ओट्यावर ठेवलेला लाडू खिडकीकडे जायचा. देवघरातल्या समईचं तेल एका बाजूला गोळा व्हायचं आणि आई तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारायची. भिंतीवरचे फोटो लेव्हल लावून सरळ टांगले की वाकडे दिसायचे, म्हणून आईनं ते वाकडे टांगले, म्हणजे ते सरळ दिसायला लागले. बाबा रोज ऑफिसातून आला की ते फोटो सरळ करायचा आणि आई रोज सकाळी वाकडे. बाबा उंच, तुळया खाली; आठवड्यातून एकदा तरी "ठक्" असा आवाज आणि पाठोपाठ अस्सल सदाशिवपेठी उद्गार. आई पाच फुटांची. "ह्या घरात मान ताठ ठेवून चालणारी मी एकटीच," असं ती म्हणायची.

आवाज तर विचारूच नका. थंडी पडायला लागली की लाकूड आकसायचं आणि कुठेतरी माथ्यावर बंदुकीसारखा बार व्हायचा. छपरात कावळ्यांचं एक कुटुंब सतत वाटण्या करत असायचं. आणि रीतचं स्वयंपाकघर आमच्या स्वयंपाकघराला लागून, मध्ये फक्त ती कुडाची भिंत, त्यामुळे तिचा रेडिओवरचा बँड आमच्याकडे आणि आमचा कुकर तिच्याकडे. कुकरची शिट्टी जास्त झाली की ती भिंतीवर थाप मारून ओरडायची, "फैशाली! तुझी डाळ मेली!" आईचं नाव वैशाली. आई इकडून, "हो रीतताई, बंद केला!" एवढं बोलणं. पुढे काही नाही. आईचं खरं दुखणं हेच होतं, पण ते मला तेव्हा कळत नव्हतं, मला वाटायचं तिला कढीपत्ताच हवाय. ती म्हणायची, "इथे शेजारी चहाला बोलावतात तेही तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी. तोपर्यंत माझं मन बदलतं, चहा गार होतो. कुणाच्या घरात न सांगता शिरता येत नाही तो काय शेजार?" आणि रीतही तशीच, ह्याच मातीतली. पुरणपोळी पाठवली की सफरचंदाचा पाक लावून चाटूनपुसून खायची, डबा धुऊन, पुसून, आमच्या पायरीवर ठेवून जायची. दार वाजवायची नाही. पूर्वसूचना दिली नव्हती ना!

मग बार्ट आला. बार्ट म्हणजे रीतचा पुतण्या. घरं बांधून विकायचा. त्याला ही जागा हवी होती, घर नको होतं. घर पाडायचं, तिथे राखाडी रंगाची खोकी उभी करायची, रीतला गावातल्या ज्येष्ठांच्या इमारतीत नीटनेटका फ्लॅट द्यायचा. त्यानं कुठल्याशा सल्लागाराकडून अहवालही आणला होता: सांधे कुजलेत, सांगाडा ठिसूळ झालाय, एखादा मोठा धक्का बसला तर कोसळेल, राहणाऱ्यांच्या जिवाला धोका. मी विचारलं, सल्लागार घरात कधी आला होता? बार्ट म्हणाला, तो बाहेरून बघून गेला. बाहेरून! लाकूड आत, आणि हा बघून गेला बाहेरून. मी सोळा वर्षांची होते आणि त्या क्षणी मला माझं आयुष्यातलं काम सापडलं. आजतागायत दुसरं सापडलेलं नाही.

मी पत्रकं छापली. शाळेच्या प्रिंटरवर, परवानगी न घेता. "आधी घर पाडतात, मग रस्त्याला त्याचं नाव देतात," हे माझं पहिलं वाक्य, आणि मला अजूनही वाटतं की मी त्याहून चांगलं लिहिलेलं नाही. बघा ना आजूबाजूला: शेत नाही पण शेतमळा मार्ग आहे, गिरणी नाही पण गिरणी गल्ली आहे. सायकलवरून गावभर वाटायला निघाले तर निम्म्या टपालपेट्यांवर इथे असतो तो स्टिकर: नको, नको. जाहिरात नको, फुकट पेपर नको. आता पत्रक ही जाहिरात आहे का? मी ठरवलं, नाही. दोन माणसं दारात येऊन भांडली, मी त्यांच्याशी उलट भांडले, आणि दोघांनीही शेवटी सह्या दिल्या. शेवटी नगरपालिकेच्या जुन्या वास्तू बघणाऱ्या समितीनं कळवलं की येऊन घर तपासू. सांगाडा धड असेल तर संरक्षण मिळेल आणि कुणाला पाडता येणार नाही, धड नसेल तर बार्टला परवानगी. रीत मला म्हणाली, "मी माझ्या दिराच्या मुलाला नाही म्हणून म्हणून थकले. समितीनं ठेवा म्हटलं तर ठेवीन. पाडा म्हटलं तर मीही जाईन आणि तुम्हीही."

आम्ही जाणार म्हणजे कुठे, हे आईनं आधीच बघून ठेवलं होतं. ॲमस्टेलव्हीनला, ट्रामच्या थांब्याशेजारी, सहाव्या मजल्यावर. मी तिच्या मागे लागले, "आई, समितीची बाई तुला काही विचारेल, तर घर चांगलं आहे म्हण हं."

"मी खोटं बोलणार नाही."

"खोटं कुठे म्हणतेय मी? फक्त थंडीचं नको सांगूस. उंदरांचं नको."

"सई, मला विचारलं तर जे आहे ते सांगीन. आवडलं तर आवडलं, नाही तर नाही. पत्रकं तू छापलीस, मी नाही."

इतकं फटकळ बोलणं माझ्यात कुठून आलं असं लोक विचारतात. घ्या.

समिती शुक्रवारी दुपारी येणार होती. आणि पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्या घरात काय होतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आईला घर आवडत नसेल, पण पसारा दाखवणं तिच्या रक्तात नाही. तिनं जळमटं काढली, गव्हाणीवरचे बूट कपाटात कोंबले, पोहे भिजवायला काढले. "बघायला येतायत ना? मग पोहे." मी म्हटलं, मुलगी बघायला नाही, तुळया बघायला येतायत. "बघायला येतायत की नाही? मग?" आणि बाबा? आई जे जळमटांचं करत होती तेच बाबानं सांगाड्याचं करायचं ठरवलं. माणूस पाहुण्यांसमोर जाताना केस नीट करतो, सदरा खेचून सरळ करतो. घर इतकं वाकडं कसं दाखवायचं? लोक काय म्हणतील, इंजिनियर राहतो आणि घराची ही अवस्था?

त्यानं अर्धी रजा टाकली आणि शुक्रवारी सकाळी ऑफिसातले दोन मित्र बोलावले, नितीनकाका आणि साठेकाका. तिघे मिळून जगातली सगळ्यात अचूक यंत्रं जुळवणारे. त्यांनी भाड्यानं दोन जॅक आणले, ट्रकवरचं सामान आवळतात तो पट्टा आणला, आणि लेझर लावला. भिंतीवर लाल रेघ पडली. घर त्या रेघेपुढे इतकं वाकडं दिसायला लागलं की नितीनकाका हळहळले, "अरेरे, किती वर्षं लक्षच नाही दिलं हो कुणी." मी शाळेत होते. असते तर जॅकपुढे आडवी पडले असते. आई वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये, कानात हेडफोन. बाबानं तिला एवढंच सांगितलं होतं की जरा ॲडजस्टमेंट करतोय.

पुढचं मी तिघांकडून इतक्या वेळा ऐकलंय की मी तिथे होते असंच मला वाटतं. एक जॅक तुळईखाली, दुसरा तिरका खांबाला. हळूहळू दाब द्यायचा, थांबायचं, मोजायचं, असं शास्त्रशुद्ध. घर म्हणे म्हैस उठताना करते तसा आवाज करायला लागलं, आधी पोटातून, मग सगळ्या अंगातून. छपरातले कावळे उडून गेले, कावळ्यांना कळलं. साठेकाका म्हणाले, "येतंय, येतंय." आणि खरंच येत होतं. खांब लेझरच्या रेघेला येऊन टेकला. तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. त्याच वेळी आमची पुढची, मागची, बाथरूमची, सगळी दारं चौकटीत घट्ट रुतून बसली, आणि मधल्या कुडाच्या भिंतीवरची सगळी माती, पेंढा, शेण आणि रंगाचे थर असे एकसाथ खाली बसले. धूळ निवळल्यावर तिघांना दिसलं की भिंतीच्या जागी फक्त विणलेल्या काठ्या आहेत, आणि काठ्यांपलीकडे रीत, तिच्या टेबलाशी, हातात कॉफीचा कप, केस पांढरे होते ते आता तपकिरी.

"गुड मॉर्निंग," रीत म्हणाली. मग तिनं कपात बघितलं आणि कॉफी ओतून टाकली.

मी शाळेतून लवकर सुटून सायकल दामटत आले तर दार उघडेना. खिडकीतून आत शिरले. स्वयंपाकघरात गुडघाभर माती, मातीत तीन इंजिनियर. आई जिन्यावर उभी, गळ्यात हेडफोन, आणि ती ओरडत नव्हती; हे फार वाईट लक्षण.

"बाबा, काय केलंस तू हे!"

"सरळ केलं," बाबा म्हणाला. आवाज अगदी लहान. "बघ ना, आता एकदम नव्वद अंश आहे."

"मी गावभर छापून वाटलंय की ह्या घराची एक खुंटी इतक्या वर्षांत कुणी हलवली नाही!"

"खुंटीला हातच नाही लावला गं," नितीनकाका म्हणाले. "आम्ही फक्त घर हलवलं."

रीतचं दार रुतल्यानं ती आत अडकली होती. खिडकीतून काढू म्हटलं तर म्हणाली, "माझ्या घरातून मी खिडकीतून बाहेर पडणार नाही. चोर आहे का मी?" मग आईनं खाली येऊन काठ्यांच्या जाळीतून तिला फडकं दिलं, नंतर पाणी, नंतर पोह्यांची बशी, तिरकी करून. रीत जाळीपलीकडे बसून पोहे खायला लागली. तेवढ्यात बाहेर दोन गाड्या थांबल्या. एकीतून समितीची बाई उतरली, दुसरीतून बार्ट.

बाई उंच, गंभीर, खिशात एक छोटी हातोडी. आम्ही सगळे पाहुणे खिडकीतून आत घेतले. बार्टनं ती भिंत बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. लग्नात उजळतो तसा. "मी काय सांगत होतो? बघा. पडायला सुरुवात झाली. आज भिंत, उद्या छप्पर." मला वाटलं, संपलं. माझी पत्रकं, सह्या, सगळं त्या मातीच्या ढिगात गेलं, आणि गाडलं कुणी तर माझ्याच बापानं, काटकोनात.

बाईनं जॅक बघितले. पट्टा बघितला. लाल रेघ बघितली. "हे कुणी केलं?"

बाबा पुढे झाला आणि त्या गडबडीत तुळईला डोकं आपटून घेतलं. "मी. वाकडं होतं."

"होतं," बाई म्हणाली. "आणि सगळी दारं, खिडक्या, भिंती त्या वाकडेपणाच्या मापानं बसवलेल्या होत्या. तुम्ही एकट्या सांगाड्याला सरळ केलंत, बाकीच्यांना विचारलं नाहीत." मग ती स्टुलावर चढली आणि एकेक सांधा तपासायला लागली. हातोडीनं टक् टक्, मग कान लावायची, मग चाकूचं टोक लाकडात खुपसून बघायची. एक सांधा, दुसरा, मग पलीकडचे. रीतचा चमचा तेवढा वाजत होता. "आता जॅक सोडा," बाई म्हणाली. "जसा चढवला त्याच्या निम्म्या वेगानं."

बाबानं जॅक सोडला. ज्या हातांनी तो केसाच्या तुकड्याचा तुकडा मोजतो त्याच हातांनी. घरानं पुन्हा तो म्हशीचा आवाज केला, पण आता बसतानाचा. खांब रेघेपासून दूर सरकायला लागला, सरकत सरकत आपल्या जुन्या जागी आला आणि थांबला. अगदी तिथेच, जमिनीवर खांबाभोवती रंगाची जी जुनी कड होती तिला लागून. आणि रीतचं दार, कुणी हात न लावता, कर्र करून उघडलं. ती त्यातून बाहेर आली, अंगणातून वळसा घालून आमच्या दारानं आत आली, रिकामी बशी आईच्या हातात दिली आणि पुतण्याकडे वळली. "बार्ट, तू म्हणाला होतास धक्का बसला तर पडेल. बसला. पडलं?"

बार्ट हार मानणारा नव्हता. म्हणाला, ही माणसं कंत्राटावर आलेली, दोन वर्षांत दुसरीकडे जातील, त्यांना स्वस्त भाडं हवंय म्हणून हा सगळा खटाटोप. समितीच्या बाईनं त्याच्याकडे न बघता आईला विचारलं, "तुम्ही इथे राहता. तुम्हाला ह्या घरात कधी भीती वाटली?"

आईनं डच नुकतंच शिकून परीक्षा दिली होती, त्यामुळे ती छोट्या छोट्या वाक्यांत बोलायची आणि प्रत्येक वाक्य दगडासारखं ठेवायची. "मला हे घर आवडत नाही," ती म्हणाली. बार्टनं मान डोलावली. "थंड आहे. उंदीर आहेत. भिंतीची माती फोडणीत पडते. मला ॲमस्टेलव्हीनला जायचं आहे. फ्लॅटसुद्धा बघितला आहे." मी डोळे मिटले. "पण तुम्ही भीतीचं विचारलंत. मागच्या हिवाळ्यात वादळ झालं. समोरच्या नव्या घरांची कौलं आमच्या अंगणात येऊन पडली. आमच्याकडे देवापुढचा दिवा विझला नाही. मला भीती एकदाच वाटली, आज सकाळी. घराची नाही. ह्या तिघांची." मग बार्टकडे बघून, "मला जायचं आहे, म्हणून घर पडकं आहे असं मी म्हणणार नाही. जायचं तर मी ट्रेननं जाईन. खोटेपणानं कशाला जाऊ?"

समितीची बाई पहिल्यांदा हसली. तिनं वहीत काय लिहिलं ते माहीत नाही, पण निघताना बाबाला म्हणाली, की सांगाड्यावर एवढा भार टाकून बघायची परवानगी मी माझ्या आयुष्यात कुणाला दिली नसती. कुजका असता तर सांध्यांत मोडला असता. एकही सांधा हललेला नाही. "पुन्हा करू नका," ती म्हणाली, आणि तिन्ही इंजिनियरांनी शाळकरी मुलांसारख्या माना हलवल्या. संरक्षण मिळाल्याचं रीतसर कळायला बरेच दिवस गेले, पण रीतनं बार्टला त्याच संध्याकाळी नाही म्हणून सांगितलं. शेवटचं. त्यानं वर्षभर अबोला धरला. मग नाताळात सॉसेजचे पाव घेऊन आला आणि तुळईला डोकं आपटून घेतलं. आम्हाला बरं वाटलं.

मी आज भांडायला दुसऱ्या गावांत जाते, दुसऱ्यांच्या घरांसाठी, आणि सभेत उभी राहिले की मला ते आईचं उत्तर आठवतं. माझ्या बाजूची माणसं माझ्या बाजूनं बोलतात, त्यात काय मोठंसं. जिला घर नको होतं तिनं घराची बाजू घेतली, ती पत्रकात छापता येत नाही अशी गोष्ट आहे. छापली तर लोक म्हणतील बनवलेली आहे.

राहता राहिली ती भिंत. काठ्यांची जाळी आठवडाभर तशीच होती. बाबा माती, पेंढा आणि शेण कुठे मिळेल ह्याची चौकशी करत होता, अर्थात योग्य प्रमाण काढून. आणि त्या आठवडाभरात मी बघत होते की आई सकाळी चहा करताना जाळीतून रीतशी बोलते. आधी हवेवर, मग गुडघ्यांवर, मग नवऱ्यांवर, एक जिवंत आणि एक गेलेला. भाजी चिरताना बोलतात, भांडी घासताना बोलतात. कुणी डायरी उघडून तारीख बघत नाही. भिंत कशी भरायची हे ठरवायला बाबानं दोघींना बोलावलं, तर आई म्हणाली, "भरायची कशाला? दार करा."

बाबा म्हणाला, भिंतीला भोक पाडायचं म्हणजे...

"तूच म्हणतोस ना, भिंती काही उचलत नाहीत? मग दाराला काय हरकत आहे?" आणि रीतकडे वळून डचमध्ये, त्याच छोट्या दगडी वाक्यांत, "रीतताई. दार झालं तर मी राहते. नाही तर जाते."

शेजाऱ्यांनी न सांगता आत यायचं, ही गोष्ट रीतच्या सात पिढ्यांत झाली नसेल. "कडी दोन्ही बाजूंनी," ती शेवटी म्हणाली.

दार बाबानं बनवलं. ह्या वेळी त्यानं लेझर लावला नाही. पुठ्ठा धरून खांबांमधली जागा आहे तशी आखून घेतली, वरून तिरपी, खालून निमुळती, आणि त्या मापाचं दार कापलं. अंगणात टेकवून ठेवलं तेव्हा ते इतकं विचित्र दिसत होतं की नितीनकाकांनी बघून तोंड फिरवलं. जागेवर बसवलं तर म्यानात सुरी बसावी तसं बसलं. पहिल्या दिवशी कडी कुणीच लावली नाही, कारण दोघींपैकी कुणालाही ती आपण लावली असं दिसायला नको होतं. संध्याकाळी आई आमटीला फोडणी देत होती, दार उघडलं, रीत आत आली. नमस्कार नाही, विचारणं नाही. सरळ ओट्याशी गेली, झाकण उचललं, वास घेतला, चमच्यानं चाखलं आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

"बघ," आई मला मराठीत म्हणाली, "कशी बिनदिक्कत शिरते लोकांच्या घरात." आणि तिनं मीठ घातलं, आणि आणखी एक पान घेतलं.